माजी पदे सांगता, आजचे संबंधही सांगा

धोरणसंशोधन संस्थेच्या एखाद्या अहवालाबद्दल शंका काढली की हैदराबादेत एक ठरलेले उत्तर मिळते. ‘नियामक मंडळावर कोण कोण आहेत ते आधी बघा.’ मग यादी समोर येते. माजी मुख्य सचिव, माजी कुलगुरू, बँकेच्या सर्वोच्च पदावरून निवृत्त झालेले कोणी, एखाद्या मोठ्या कंपनीचे संस्थापक, परदेशी विद्यापीठातले प्राध्यापक. यादी वाचून झाली की वाद मिटला असे धरले जाते. एवढी मोठी माणसे जिथे बसली आहेत तिथे गफलत होईलच कशी, आणि झाली तर त्यांच्या नजरेतून सुटेल कशी, असा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद मला मान्य नाही. ज्या शहरात तो इतक्या सहजपणे केला जातो, त्याच शहराने तो खोटा ठरताना पाहिला आहे. मोठ्या नावांच्या मंडळाची हैदराबादेत झाली तेवढी कठोर परीक्षा देशात क्वचितच कुठे झाली असेल.

१६ डिसेंबर २००८ रोजी इथल्याच सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या संचालक मंडळाची बैठक झाली. त्या मंडळावरच्या बाहेरच्या संचालकांची पार्श्वभूमी आठवून पाहा. टी. आर. प्रसाद हे देशाचे माजी कॅबिनेट सचिव. एम. राममोहन राव हे गच्चीबावलीच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे तेव्हाचे अधिष्ठाता. व्ही. एस. राजू हे दिल्ली आयआयटीचे माजी संचालक. विनोद धाम हे इंटेलच्या पेन्टियम चिपमुळे जगभर माहीत झालेले नाव. कृष्णा पालेपू हे हार्वर्ड बिझनेस स्कूलचे प्राध्यापक, आणि कंपन्यांचा कारभार कसा चालावा हाच त्यांचा विषय. मंगलम श्रीनिवासन या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक. धोरणसंशोधन संस्थेसाठी आदर्श मंडळ निवडा असे कोणाला सांगितले असते, तर त्याने बहुधा हीच नावे लिहून दिली असती. या मंडळाने कंपनीचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाशी संबंधित मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना घेण्याचा प्रस्ताव मंजूर केला. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांतच तो मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ रोजी, रामलिंग राजूंचे कबुलीपत्र आले. कंपनीची खाती वर्षानुवर्षे फुगवलेली होती आणि फुगवटा सात हजार कोटी रुपयांच्या घरात होता. त्याआधी काही महिनेच, सप्टेंबर २००८ मध्ये, याच कंपनीला उत्तम कारभारासाठी जागतिक म्हणवणारा पुरस्कार मिळाला होता.

हे सदस्य घोटाळ्यात सामील होते असे मी म्हणत नाही. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने राजू आणि इतर नऊ जणांना दोषी ठरवले. त्यांत यांच्यापैकी कोणी नव्हते. पण म्हणूनच हे उदाहरण निर्णायक आहे. माणसे प्रामाणिक होती, विद्वान होती, अनुभवी होती, आणि तरीही समोरच्या ताळेबंदातली हजारो कोटींची खोटी रोकड त्यांना दिसली नाही. मग ‘मंडळावर कोण आहेत ते बघा’ या वाक्याची किंमत काय उरते?

सत्यम वाचली तीही मंडळामुळेच, असे कोणी म्हणेल, आणि ते खरे आहे. सरकारने नेमलेल्या नव्या मंडळात दीपक पारेख, किरण कर्णिक, सी. अच्युतन आणि मग तरुण दास, टी. एन. मनोहरन, एस. बी. मैनक आले. हीसुद्धा मोठ्या पदांवरचीच माणसे. फरक त्यांच्या योग्यतेत नव्हता, नेमणुकीच्या अटींत होता. काम ठरलेले होते, मुदत तोकडी होती, सरकार, कर्मचारी, ग्राहक आणि वर्तमानपत्रे यांची रोजची नजर होती, आणि केवळ शोभेसाठी बसणे शक्यच नव्हते. एप्रिल २००९ मध्ये टेक महिंद्राची निवड होऊन कंपनी मार्गी लागली. म्हणजे माणूस कोण होता यापेक्षा त्याला कोणाला उत्तर द्यावे लागत होते, याने फरक पडला.

यावर एक आक्षेप लगेच येतो. सत्यम नफा कमावणारी कंपनी होती. संशोधन संस्थेचे काय? तिथे कोणाला काय लुटायचे आहे? मला वाटते, हा आक्षेप आपल्याच विरुद्ध साक्ष देतो. कंपनीला भागधारक असतात. मेटासचा प्रस्ताव काही तासांत कोसळला, कारण ज्यांचे पैसे बुडणार होते त्यांना बातमी कळली आणि त्यांच्या हातात शेअर विकण्याचे हत्यार होते. धोरणसंशोधन संस्थेला भागधारक नसतात. तिच्या शिफारशीने ज्याचे पाणी, बियाणे, रेशन किंवा शाळा बदलणार, त्या संगारेड्डी किंवा आदिलाबादच्या माणसाला त्या संस्थेचे नावही ठाऊक नसते. चुकीच्या शिफारशीवर ओरडणारा कोणी नसतो, आणि तिचे परिणाम तीन आठवड्यांत नव्हे, दहा वर्षांनी दिसतात. जिथे बाहेरून पहारा नाही तिथे आतल्या मंडळाकडून जास्त मागायला हवे. आपण मात्र तिथेच सर्वांत कमी मागतो आणि पदांच्या यादीवर समाधान मानतो.

धोरणाचे उदाहरणही याच शहरातले आहे. १९९९ साली चंद्राबाबू नायडूंच्या सरकारने ‘व्हिजन २०२०’ प्रसिद्ध केले. ते तयार करण्यात मॅकिन्झी या सल्लागार कंपनीचा मोठा वाटा होता. राज्यातल्या शेतीचे काय व्हावे, किती माणसे शेतीवर राहावीत, कोणते तंत्रज्ञान यावे, हे त्यात लिहिले होते. मॅकिन्झीची पार्श्वभूमी कोणी विचारली नाही; ती सर्वांना माहीत होती आणि तीच तिची पत होती. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातल्या जहिराबादजवळच्या अलगोल गावात ‘प्रजातीर्पू’ भरले. लोकांचा निवाडा, असा त्याचा अर्थ. १९ जणांचे पंचमंडळ बसले. त्यांत बहुसंख्य लहान आणि सीमांत शेतकरी होते, निम्म्याहून अधिक बायका होत्या, दलित आणि आदिवासी होते. त्यांनी अधिकारी, शास्त्रज्ञ आणि कंपन्यांचे प्रतिनिधी यांच्या साक्षी ऐकल्या, उलटतपासणी घेतली आणि निर्णय दिला. शेतीतून माणसे कमी करण्याची कल्पना त्यांनी नाकारली, जनुकबदल केलेली पिके नाकारली, बियाणे आणि अन्न यांवर गावाचा ताबा हवा असे सांगितले.

या निवाड्याशी सहमत असलेच पाहिजे असे नाही. जनुकबदल पिकांबद्दल प्रामाणिक मतभेद आहेत आणि शेतीवरचा भार कमी व्हावा असे मानणारे अनेक जण शेतकऱ्यांच्या भल्याचाच विचार करतात. मला त्यानंतर जे घडले ते सांगायचे आहे. राज्याला मदत देणाऱ्या ब्रिटिश सरकारच्या विकास विभागाने या निवाड्याच्या अहवालावर आक्षेप घेतला आणि अहवाल प्रसिद्ध करणाऱ्या ब्रिटनमधल्या संस्थांनी तो काही काळ संकेतस्थळांवरून उतरवला. एक मुख्य प्रश्न असा होता की हे १९ जण राज्याच्या शेतकऱ्यांचे खरोखर प्रतिनिधी आहेत का. प्रश्न रास्त आहे. पण तो मॅकिन्झीला कोणी विचारला होता? जोंधळा पिकवणाऱ्या बाईने मत दिले तर तिने आधी ती कोणाची प्रतिनिधी हे सिद्ध करायचे, आणि सल्लागार कंपनीने मत दिले तर तिचे नावच पुरेसे, हा दुटप्पीपणा आहे. त्याच मॅकिन्झीचे एके काळचे जागतिक प्रमुख रजत गुप्ता इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या मंडळाचे संस्थापक अध्यक्ष होते. २०११ मध्ये त्यांना ते पद सोडावे लागले आणि २०१२ मध्ये अमेरिकेत, संचालक या नात्याने हाती आलेली गोपनीय माहिती फोडल्याबद्दल ते दोषी ठरले.

पार्श्वभूमीला महत्त्व नाही असे मी म्हणतो आहे, असा कोणी अर्थ काढू नये. उलट ती फार महत्त्वाची आहे, आणि म्हणूनच ती सन्मानपत्रासारखी वाचणे घातक आहे. आयुष्यभराच्या व्यवसायाने माणसाला काही गोष्टी इतरांपेक्षा स्पष्ट दिसतात आणि काही मुळीच दिसत नाहीत. मराठवाड्याच्या वाचकांना हे एका जुन्या अभ्यासावरून चटकन पटेल. हैदराबाद संस्थानात १९५० साली कूळकायदा झाला. संरक्षित कूळ, कलम ३८-ई हे शब्द नांदेड-परभणीच्या तलाठी दप्तरांत आणि न्यायालयांत पुढे अनेक दशके गाजत राहिले. या कायद्याचे प्रत्यक्षात काय झाले याचा अभ्यास उस्मानिया विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ ए. एम. खुस्रो यांनी केला आणि तो १९५८ साली प्रसिद्ध झाला. १९५१ मध्ये संरक्षण मिळालेल्या दर १०० कुळांपैकी तीन-चार वर्षांत सुमारे ४५ कूळ म्हणून टिकली, १२ जणांनी जमीन विकत घेतली, दोन-तीन कायदेशीरपणे गेली, २२ बेकायदा हुसकावली गेली आणि १७ जणांनी जमीन ‘स्वखुशीने’ सोडली.

या शेवटच्या १७ जणांकडे पाहा. महसूल खात्याच्या कागदावर तो राजीनामा आहे. कुळाने लिहून दिले, अंगठा उठवला, प्रकरण निकाली. चाळीस वर्षे असे कागद हाताळलेल्या अधिकाऱ्याला त्यात वावगे काही दिसणार नाही. त्याच्या प्रशिक्षणानेच त्याला अंगठ्यावर विश्वास ठेवायला शिकवले आहे. देशमुखाच्या वाड्यासमोर ज्याच्या बापाने असा अंगठा उठवला, त्याला मात्र स्वखुशी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. खुस्रो शहरातले, विद्यापीठातले होते. पण ते कागदापाशी थांबले नाहीत आणि ‘स्वखुशी’चा आकडा त्यांनी वेगळा काढून दाखवला. आता कल्पना करा की असा अभ्यास हाती घ्यावा की नाही हे ठरवणाऱ्या मंडळात सगळेच महसूल खात्यातून आलेले आहेत, किंवा सगळेच जमीनमालक घराण्यांतले आहेत. कोणी लबाडी करणार नाही. फक्त तो प्रश्नच कोणाला सुचणार नाही. मंडळाच्या रचनेचे सर्वांत मोठे नुकसान हे असे, आवाज न करता होते. खोटा अहवाल पकडता येतो. न विचारलेला प्रश्न पकडता येत नाही.

आज हैदराबादच्या धोरणसंशोधनाची घरे कोणती? राजेंद्रनगरची राष्ट्रीय ग्रामीण विकास संस्था केंद्र सरकारची. सेंटर फॉर गुड गव्हर्नन्स २००१ मध्ये तेव्हाच्या राज्य सरकारने उभी केली. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेज १९५६ मध्ये सरकार आणि उद्योग यांच्या संयुक्त पुढाकाराने सुरू झाले. बेगमपेठेतले सेंटर फॉर इकॉनॉमिक अँड सोशल स्टडीज, म्हणजे सेस, १९८० चे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकार यांच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांपैकी ते एक. ही परिषद १९६९ साली सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ होते आणि सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. या सगळ्या संस्थांचा पैसा बव्हंशी सरकारचा किंवा उद्योगाचा, आणि मंडळांत माणसेही बव्हंशी तिथूनच आलेली. आंध्र प्रदेशाचा २००७ चा मानव विकास अहवाल सेसने तयार केला. सेसचे संचालक राहिलेले महेंद्र देव पुढे कृषी मूल्य आयोगाचे अध्यक्ष झाले, म्हणजे लातूरच्या तुरीला आणि निजामाबादच्या भाताला काय हमीभाव सुचवायचा हे ठरवणाऱ्या खुर्चीत बसले. सेसमध्येच संचालक राहिलेल्या आर. राधाकृष्ण यांनी शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणावरच्या २००७ च्या तज्ज्ञगटाचे अध्यक्षपद सांभाळले. ही माणसे आदरणीय आहेत आणि त्यांच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. ही उदाहरणे मी एवढ्यासाठी देतो की या संस्था म्हणजे विद्वानांची खाजगी मंडळे नव्हेत. त्यांच्या दालनांतून निघालेली वाट थेट शेतकऱ्याच्या घरापर्यंत जाते. तिथे कोण बसतो, हे विचारण्याचा हक्क त्या शेतकऱ्याला आहे.

‘पण अनुभव नको का?’ असे विचारले जाते. हवा. बी. पी. आर. विठ्ठल यांचेच पाहा. सनदी अधिकारी, राज्याचे वित्त आणि नियोजन सचिव, पुढे दहाव्या वित्त आयोगाचे सदस्य, आणि सेसच्या उभारणीतले एक प्रमुख नाव. १९६९ च्या तेलंगणा आंदोलनात तेलंगणाचा शिल्लक महसूल आंध्र भागात किती वळवला गेला हा स्फोटक प्रश्न होता. विठ्ठलांना सरकारी हिशेबाची नस माहीत होती, आणि ‘तेलंगणा सरप्लसेस’ हा अभ्यास त्यांनी आकड्यांनिशी मांडला. त्यांचा अधिकार पदातून आला नव्हता. हिशेब उघडा मांडल्यामुळे दुसऱ्या बाजूचा माणूसही तो तपासू शकत होता, म्हणून तो आला. पार्श्वभूमी अशी वापरली तर ती समाजाची ठेव होते. तीच पार्श्वभूमी ‘मी वित्त सचिव होतो, माझ्यावर विश्वास ठेवा’ एवढ्यापुरती वापरली तर ती प्रश्नाचे दार बंद करते. अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचे पहिले प्राचार्य जनरल श्रीनागेश तर थेट लष्करप्रमुखपदावरून निवृत्त होऊन आले होते. सैनिकाने प्रशासन शिकवू नये असे कोणी म्हणणार नाही. पण उद्या एखाद्या संस्थेने संरक्षण खरेदीवर अहवाल काढला आणि तिच्या मंडळावरचा माजी सेनाधिकारी शस्त्र विकणाऱ्या कंपनीचा सल्लागार असला, तर वाचकाला ते पहिल्या पानावर कळले पाहिजे. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतल्या ब्रुकिंग्ज या जगप्रसिद्ध संस्थेचे अध्यक्ष, माजी जनरल जॉन अॅलन, यांना जून २०२२ मध्ये राजीनामा द्यावा लागला, कारण कतारसाठी केलेल्या कथित लॉबिंगबद्दल त्यांची चौकशी सुरू झाल्याचे बाहेर आले होते.

तज्ज्ञ मंडळावर कसा बसावा, याचे मराठी उदाहरण आपल्याकडे आहे आणि ते आपण विसरत चाललो आहोत. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ प्रवरानगरच्या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्ष होते. विठ्ठलराव विखे पाटील आणि लोणी परिसरातले ऊस उत्पादक हे त्या कारखान्याचे सभासद, म्हणजे मालक. अर्थशास्त्रज्ञाला आपले म्हणणे तिथे ऊस लावणाऱ्यांसमोर मांडावे लागे आणि त्यांना पटवावे लागे. गाडगिळांची विद्वत्ता त्यामुळे कमी झाली नाही. सहकाराबद्दलचे त्यांचे विचार कागदी राहिले नाहीत ते याच बैठकीमुळे. धोरणसंशोधन संस्थांच्या मंडळांत हे उलट का होऊ नये? गाडगीळ शेतकऱ्यांच्या मंडळावर बसू शकत होते, तर शेतकरी गाडगिळांच्या मंडळावर का बसू शकत नाही? ‘त्यांना धोरण कळत नाही’ हे उत्तर अलगोलच्या पंचांनी खोटे ठरवले आहे. त्याच जहिराबाद परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघांतल्या दलित शेतकरी बायकांनी कोरडवाहू जमिनीवर ज्वारी-बाजरीचे बियाणे टिकवले, २००८ पासून स्वतःचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालवले. भरडधान्यांबद्दल सरकारी परिसंवाद भरू लागले त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम चालू होते. भरडधान्यांवर अहवाल काढणाऱ्या हैदराबादच्या एखाद्या संस्थेच्या मंडळात त्यांच्यापैकी एक बाई असणे ही मेहेरबानी ठरणार नाही. त्या विषयातले सर्वांत जुने व्यावसायिक ज्ञान तिच्याकडे आहे.

गोखले संस्थेचेच नाव निघाले म्हणून तिच्या अलीकडच्या इतिहासाकडेही पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये कुलगुरू अजित रानडे यांना पदावरून दूर करण्याचा आदेश निघाला. प्राध्यापक म्हणून दहा वर्षांचा अनुभव नाही, हे कारण. मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा दिला आणि कुलपती विवेक देबरॉय यांनी राजीनामा दिला. महाराष्ट्रभर चर्चा रंगली ती अनुभवाची वर्षे कशी मोजायची यावर. उद्योगसमूहात मुख्य अर्थतज्ज्ञ म्हणून घालवलेली वर्षे धरायची की नाही? पुढच्याच वर्षी संस्थेच्या निधीच्या कथित गैरवापरावरून मातृसंस्थेच्या पदाधिकाऱ्यावर पोलिसांत गुन्हा दाखल झाला. प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्याच्या खोलात मी जात नाही. पण क्रम लक्षात घ्या. पात्रतेच्या तक्त्यावर अख्खी संस्था भांडत होती. पैसा कोणाच्या सहीने कुठे जातो, हा प्रश्न मागाहून आला.

कायदा याबाबत काय म्हणतो? सत्यमनंतर आलेल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकांची सविस्तर व्याख्या केली आणि कलम १८४ खाली प्रत्येक संचालकाला आपले इतर हितसंबंध मंडळासमोर जाहीर करणे भाग पाडले. पण धर्मादाय आणि संशोधन संस्था ज्या कलम ८ खाली कंपनी म्हणून नोंदवल्या जातात, त्यांना जून २०१५ च्या अधिसूचनेने स्वतंत्र संचालक नेमण्याच्या बंधनातून सूट मिळाली आणि हितसंबंध असलेल्या व्यवहारांबाबतची बंधनेही त्यांच्यासाठी सैल झाली. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थांवर तर एवढेही बंधन नाही. हैदराबादच्या घोटाळ्यातून देशाने जो धडा घेतला, तो हैदराबादच्या संशोधन संस्थांना लागू नाही, अशी ही स्थिती आहे. आणि जिथे हितसंबंध जाहीर होतातच, तिथेही ते मंडळापुढे होतात, अहवाल वाचणाऱ्यापुढे नाहीत.

‘माणसे बघू नका, अहवालातला युक्तिवाद बघा,’ असे म्हणणारे काही प्रामाणिक विद्वान आहेत. तर्कशास्त्राच्या वर्गात ते बरोबर आहेत. पण सिंचन प्रकल्पावरचा दोनशे पानी अहवाल कोणी सामान्य वाचक तपासू शकत नाही; कच्ची आकडेवारी त्याच्याकडे नसते, प्रारूप कळत नाही. तो विश्वासावर वाचतो. विश्वास मागणाऱ्याने विश्वासाची कारणे आणि त्याच्या मर्यादा दोन्ही सांगायला हव्यात. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ पासून आपल्या नियतकालिकांत लिहिणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना पैशाचे आणि पदांचे संबंध जाहीर करायला लावले. त्यामुळे अर्थशास्त्र बंद पडले नाही.

आता हैदराबादचेच आणखी एक उदाहरण देतो, कारण माझी मागणी त्यातूनच निघते. निवडणुकीतल्या उमेदवाराची पार्श्वभूमी जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. सर्वपक्षीय बैठकीत त्याला विरोध झाला, कायद्यात दुरुस्ती करून तो निष्प्रभ करण्याचा प्रयत्न झाला. त्या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्यांत हैदराबादची लोकसत्ता ही संघटना होती, डॉक्टरकी शिकून सनदी सेवेत गेलेल्या आणि ती सेवा सोडून आलेल्या जयप्रकाश नारायण यांनी उभी केलेली. १३ मार्च २००३ रोजी न्यायालयाने ते कलम रद्द केले. तेव्हापासून नगरसेवक होऊ पाहणाऱ्या माणसालाही शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि खटले शपथेवर सांगावे लागतात. २०१८ पासून लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला उत्पन्नाचा स्रोतही. आमदार जो कायदा हात वर करून मंजूर करतो, त्याचा मसुदा अनेकदा संशोधन संस्थेच्या अहवालातून आलेला असतो. हात वर करणाऱ्याने सगळे उघड करायचे आणि मसुदा सुचवणाऱ्याने फक्त सन्मान मिरवायचे, हे या शहराला तरी शोभत नाही.

‘अशाने चांगली माणसे मंडळावर येणारच नाहीत,’ ही भीती मला खरी वाटत नाही. ज्याला आपल्या कंपनीचे संचालकपद सांगायची लाज वाटते, त्याने शेतीधोरणावर सही करू नये, एवढेच. दुसरी भीती मात्र खरी आहे आणि ती मी हलकी लेखत नाही. सरकारला नावडती संशोधन संस्था चेपायला अशीच माहिती वापरता येईल. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चचा परदेशी देणग्यांचा परवाना फेब्रुवारी २०२३ मध्ये स्थगित आणि जानेवारी २०२४ मध्ये रद्द झाला. १९७३ पासून चालत आलेल्या संस्थेची त्याने कंबर मोडली. पण ही माहिती सरकारकडे आधीच असते: देणग्यांचे हिशेब, कराची विवरणे, परवान्याचे अर्ज. अंधारात असतो तो वाचक. आणि संकट आले तेव्हा संस्थेच्या बाजूने उभे राहणाऱ्या लोकांना ती संस्था आपली वाटलीच नसेल, तर मोठ्या नावांचे मंडळ तिला वाचवू शकत नाही. लोकांपुढे आधीच उघडी झालेली संस्था बदनाम करणे अवघड जाते.

तेव्हा मागणी साधी आहे. मंडळावरच्या प्रत्येक सदस्याने दरवर्षी एक पान भरून द्यावे आणि ते अहवालाच्या सुरुवातीला छापले जावे: गेल्या पाच वर्षांत कोणाकडून पगार, मानधन किंवा सल्ला-शुल्क घेतले, कोणत्या कंपन्यांत आणि संस्थांत पदे आहेत, या अहवालाच्या विषयात घरातल्या कोणाचे काही गुंतले आहे का, आणि कोणत्या निर्णयाच्या वेळी तो बैठकीतून बाहेर गेला. अहवालाला पैसे कोणी दिले आणि मसुदा छापण्याआधी त्यांनी पाहिला का, तेही त्याच पानावर यावे. आणि मंडळाच्या किमान दोन जागा अशा लोकांना द्याव्यात ज्यांच्या जगण्यावर त्या संस्थेचे अहवाल येऊन आदळतात: कोरडवाहू शेतकरी, आशा कार्यकर्ती, पालिकेची सफाई कामगार. मानधनासह, मताच्या पूर्ण अधिकारासह, आणि कागदपत्रे तेलुगू-उर्दूत देऊन. मराठवाड्याविषयी अहवाल असेल तर मराठीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरतो. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढणाऱ्या शहरातल्या संस्थांनी हा ठराव सर्वांच्या आधी, येत्या वार्षिक सभेतच करावा. पुण्या-मुंबईच्या संस्थांनी त्यांच्या मागे राहू नये. आणि वाचकहो, यापुढे वर्तमानपत्रात ‘एका नामांकित संस्थेच्या अहवालानुसार’ असे वाचाल तेव्हा त्या संस्थेला पत्र लिहा आणि हे एक पान मागा.